औषधानें देहाची ठेवण बदलते काय ?

देहाची ठेवण ही दैवाची देणगी, तींत मनुष्याचें कांहीं चालत नाहीं, अशी जुनी समजूत आहे. उलट, गोळीनें किंवा सुईनें मनाजोगता देह घडवितां येतो, अशी नवी समजूत तरुण मंडळींत पसरत आहे. दोहोंतहि सत्याचा अंश आहे, परंतु तो अपुरा आहे. वाढ पुरी झालेल्या मनुष्याच्या शरीरावर संप्रेरकांच्या औषधांचा परिणाम कोठवर होतो, हें नीट समजून घेणें म्हणूनच अगत्याचें आहे.

शरीरांत कांहीं ग्रंथी अशा आहेत कीं, त्यांचा रस नळीवाटे बाहेर न पडतां सरळ रक्तांत मिसळतो आणि दूरच्या अवयवांस कामाला लावतो. अशा रसांस इंग्लंडमधील शरीरशास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग ह्यांनीं १९०५ सालीं ‘हॉर्मोन’ हें नांव दिलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ चेतविणें असा आहे. मराठींतील ‘संप्रेरक’ हा शब्दहि तोच भाव सांगतो.

ह्या रसांचें सामर्थ्य १८९१ सालीं इंग्लंडांतील न्यूकॅसल येथें ठळकपणें दिसून आलें. थायरॉइड ग्रंथि निकामी झाल्यामुळें ४६ वर्षांच्या एका स्त्रीचा चेहरा व हातपाय सुजले होते आणि बोलणें-चालणें मंद झालें होतें. डॉक्टर जॉर्ज मरे ह्यांनीं मेंढ्याच्या थायरॉइडचा अर्क तिला टोचण्यास आरंभ केला. कांहीं महिन्यांत सूज ओसरली व मूळ चेहरा पुन्हा दिसूं लागला. औषध चालू ठेवून ती बाई १९१९ पर्यंत जगली. तेव्हां प्रौढ देहाचें रूप औषधानें पालटतें, हें निर्विवाद आहे. मात्र येथें औषधानें नवें कांहीं घडविलें नाहीं. जें उणें पडलें होतें तें भरून काढलें.

आतां देहाच्या घटकांचा एकेक विचार केला पाहिजे. घराचे खांब-वासे एकदां बसले म्हणजे ते हलत नाहींत. गिलावा मात्र पुन्हा करतां येतो. शरीरांतहि हाडें हे खांब होत. बालपणीं लांब हाडांच्या टोकांशीं कूर्चेचा एक थर असतो; तेथें हाड वाढतें. वयांत येतांना ईस्ट्रोजेन ह्या संप्रेरकाच्या प्रभावानें, पुरुषांतसुद्धां, तो थर हाडांत मिळून जातो व उंची थांबते. १९९४ सालीं असा एक पुरुष वैद्यकांत नमूद झाला कीं, ज्याच्या शरीरास ईस्ट्रोजेनची आज्ञा कळतच नव्हती. त्याचें वय २८ वर्षें व उंची २०४ सेंटिमीटर असून हाडांचे थर अद्यापि मिटले नव्हते. ते एकदां मिटले म्हणजे मात्र कोणतेंहि औषध उंची वाढवूं शकत नाहीं. प्रौढपणीं वृद्धि-संप्रेरक अतिरिक्त झालें, तर जबडा पुढें येतो आणि हातपाय रुंद होतात, पण उंची वाढत नाहीं. पिएर मारी ह्या फ्रेंच वैद्यानें १८८६ सालीं वर्णिलेला ‘अॅक्रोमेगॅली’ हा रोग तो हाच.

चरबीची गोष्ट वेगळी. ईस्ट्रोजेनच्या योगानें ती नितंब व मांड्या ह्यांकडे वळते. टेस्टोस्टेरोनच्या योगानें पोटाकडे. ज्यांना आपलें अंतःकरण व आपलें शरीर एका लिंगाचें वाटत नाहीं, अशा व्यक्तींवर वैद्यांच्या देखरेखीखालीं हे उपचार होतात. कोपनहेगन येथें उपचार घेतलेल्या अमेरिकन क्रिस्टीन जॉर्गेन्सन ह्यांचें नांव १९५२ सालीं जगभर झालें. अशा उपचारांनीं चरबीची मांडणी, स्नायू, त्वचा व स्तन ह्यांत दोन-तीन वर्षांत हळूहळू पालट होतो; खांद्यांची व कटीच्या हाडांची रुंदी मात्र कायम राहते. कांहीं बदल परत फिरतात, कांहीं फिरत नाहींत. टेस्टोस्टेरोननें एकदां खोल झालेला आवाज औषध सोडल्यानें पूर्ववत् होत नाहीं.

स्नायूंविषयीं १९९६ सालीं अमेरिकेंत एक प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी पुरुषांस दहा आठवडे, दर आठवड्यास ६०० मिलिग्रॅम, म्हणजे गरजेहून पुष्कळच अधिक टेस्टोस्टेरोन दिलें. व्यायाम न करणाऱ्यांचें चरबीविरहित वजन सुमारें ३ किलो, तर व्यायाम करणाऱ्यांचें सुमारें ६ किलो वाढलें. हीच आशा धरून तालमींत येणारे कांहीं तरुण चोरून सुया टोचून घेतात. त्यांना ठाऊक नसतें तें हें कीं, बाहेरून आयता रस मिळूं लागला म्हणजे घरची ग्रंथि काम सोडते. वृषण आकसतात व वीर्यांतील शुक्रजंतू घटतात. उरलेल्या औषधाचा कांहीं भाग शरीरांतच ईस्ट्रोजेन बनून पुरुषाच्या छातीवर स्तन वाढूं शकतात. पौरुषासाठीं घेतलेली सुई पौरुषावरच उलटते.

अधिवृक्क ग्रंथीच्या कॉर्टिझोन जातीच्या औषधांचेंहि तसेंच. १९४८ सालीं अमेरिकेंत फिलिप हेंच ह्यांनीं सांधे आखडलेल्या रुग्णांस कॉर्टिझोन दिलें, तेव्हां त्या कांहीं दिवसांत चालूं लागल्या, हें नवल जगानें पाहिलें. पुष्कळ दिवस व मोठ्या मात्रेंत घेतल्यास मात्र चेहरा वाटोळा होतो, मानेवर व पोटावर चरबी चढते, हातपाय बारीक होतात, हाडें ठिसूळ होतात. गाल भरले म्हणून प्रकृति सुधारली, असें समजणारे आईबाप येथें फसतात. ही औषधें एकाएकीं सोडणेंहि जिवावर बेततें, कारण स्वतःची ग्रंथि तोंवर निजलेली असते.

अलीकडे आंतड्यांतील एका संप्रेरकाची नक्कल असलेलें सेमाग्लूटाइड हें औषध भूक आवरून वजन उतरवितें. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या चांचणींत ६८ आठवड्यांनीं सरासरी १४.९ टक्के वजन उतरलें. परंतु औषध थांबविल्यावर वर्षभरांत, उतरलेल्यापैकीं सुमारें दोन-तृतीयांश वजन परत चढलें.

सारांश, हाडांचा सांगाडा औषधानें घडत नाहीं. मांस व चरबी बदलते, पण बहुधा औषध चालू असेतों. वैद्यानें रक्त तपासून, गरज पाहून, मात्रा ठरवून दिलेलें संप्रेरक अनेकांस खरें सुख देतें. निरोगी देहानें केवळ आरशासाठीं तें घ्यावयाचें, म्हणजे आपल्याच ग्रंथीला रजा द्यावयाची; आणि रजेवर गेलेली ती परत कामावर येईलच, असा भरंवसा कोणी देऊं शकत नाहीं.