पट्ट्यांपलीकडची तालीम

पियानोची पट्टी दाबली की हातोडी तारेवर आदळते आणि त्याच क्षणापासून सूर विरू लागतो. व्हायोलिनवादक गज ओढून सूर वाढवू शकतो, गायक दमसासाच्या जोरावर तो फुलवू शकतो. पियानोवादक पेडलने सूर थोडा धरून ठेवतो, पण मोठा करू शकत नाही. त्यामुळे सुराचा आकार वाजवण्याआधीच मनात तयार असावा लागतो. एकोणिसाव्या शतकापासून पियानोवादक गाणे, कादंबरी, चित्र, शिल्प आणि कवितेकडे वळत राहिले, त्यामागे हौसेइतकीच ही गरजही होती.

1831 च्या शरद ऋतूत शोपँ पॅरिसला पोहोचला तेव्हा तिथला इटालियन ऑपेरा भरात होता. रुबिनी, पास्ता, मालिब्रान यांची गाणी त्याने मन लावून ऐकली. शिष्यांनाही तो चांगले गायक ऐकायला सांगे, काहींना तर स्वतः गाणे शिकायला लावी. गळ्यासाठी जसा श्वास तसे पियानोसाठी मनगट, अशी त्याची शिकवण होती. आपल्याकडे सतारीच्या किंवा हार्मोनियमच्या वादनात ज्याला ‘गायकी अंग’ म्हणतात, त्याच्या जवळपास जाणारी ही दृष्टी आहे. तिचा उपयोग बी-फ्लॅट मायनर नॉक्टर्नच्या सुरुवातीलाच कळतो. तिथे डावा हात संथपणे सहा सूर वाजवत असताना उजव्या हाताला त्याच अवधीत 11 सूर घ्यायचे असतात आणि लगेच पुढे बारा सुरांवर 22. हे गणित बोटांवर मोजून सुटत नाही. मोजायला जावे तर सुरावट अडखळते. एका दमात घेतलेली हरकत ज्याच्या कानात आहे, तो डावा हात लयीत ठेवून उजव्याला मोकळा सोडतो. मात्र प्रत्येक कला प्रत्येकाला काही देतेच असे नाही. चित्रकार दलाक्रवा शोपँचा जिवलग मित्र, पण त्याची चित्रे शोपँला फारशी रुचत नसत, असे लेखिका जॉर्ज सांदने नोंदवून ठेवले आहे.

शूमन पुस्तकविक्रेत्याचा मुलगा. 1831 मध्ये छापलेल्या त्याच्या ‘पापिय्याँ’ या छोट्या तुकड्यांच्या मालिकेमागे जाँ पॉलच्या कादंबरीतला मुखवट्यांचा नाच आहे. कोणत्या उताऱ्यावर कोणता तुकडा बेतला, याच्या खुणा शूमनने स्वतःच्या प्रतीत करून ठेवल्या होत्या. शेवटच्या तुकड्यात जुन्या नाचाची चाल येते, घड्याळाचे सहा ठोके पडतात आणि मग एक स्वरसंघात धरून ठेवून त्यातला एकेक सूर सोडून द्यायचा असतो. म्हणजे इथे वाजवायचे असते ते बोट उचलण्यातून. कादंबरीच्या अखेरीस एक भाऊ बासरी वाजवत रस्त्याने निघून जातो आणि दुसरा विरत जाणारे सूर ऐकत राहतो. हे ठाऊक असलेला वादक बोटे उचलण्याची घाई करत नाही.

लिस्टने 1832 च्या वसंतात पॅरिसमध्ये पागानिनीचे व्हायोलिन ऐकले आणि तो झपाटून गेला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. मे महिन्यात एका मित्राला लिहिलेल्या पत्रात होमर, बायबल, प्लेटो, लॉक, बायरन, ह्यूगो यांची नावे बेटोफन आणि बाखच्या जोडीने येतात. आपण या सगळ्यांचा ध्यास घेतल्याचे तो सांगतो. त्याच पत्रात रोज चार-पाच तास बोटांचे व्यायाम करत असल्याचाही उल्लेख आहे. लिस्टच्या वाचनाचे कौतुक करताना हा तपशील सहसा गाळला जातो. पुढे इटलीतल्या मुक्कामातून, राफाएलच्या चित्रावरून ‘स्पोझालित्सिओ’ आणि फ्लोरेन्समधल्या मायकेलअँजेलोच्या विचारमग्न पुतळ्यावरून ‘इल पेन्सेरोझो’ या रचना झाल्या. दुसऱ्या रचनेतली मुख्य चाल बराच वेळ एकाच सुरावर ठाण मांडून असते. तो सूर कंटाळवाणा होऊ न देता स्थिर ठेवणे हीच तिथली परीक्षा.

चित्रांशी सर्वात थेट नाते मुसोर्गस्कीने जोडले. त्याचा मित्र, वास्तुकार आणि चित्रकार व्हिक्टर हार्टमान 1873 मध्ये अकाली वारला. पुढच्या वर्षी समीक्षक स्तासोव्हच्या पुढाकाराने सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याच्या कामाचे प्रदर्शन भरले आणि जूनमध्ये जेमतेम तीन आठवड्यांत मुसोर्गस्कीने ‘प्रदर्शनातली चित्रे’ लिहून काढली. दहा चित्रे आणि अधूनमधून येणारी ‘प्रोमनाड’, म्हणजे दालनातून फिरणाऱ्या माणसाची चाल. सुरुवातीच्या प्रोमनाडमध्ये पाच आणि सहा मात्रांचे गट आलटून पालटून येतात. तालात पावले टाकणाऱ्या शिपायाची ही चाल नव्हे, मध्येच रेंगाळणाऱ्या प्रेक्षकाची आहे. ‘बिडलो’ या तुकड्यात पोलिश बैलगाडी येते. मुसोर्गस्कीने ती पहिल्याच सुरापासून दणदणीत आवाजात लिहिली होती, म्हणजे गाडी थेट समोर उभी. 1886 च्या छापील आवृत्तीत संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्हने सुरुवात हळू करून आवाज वाढवत नेला, त्यामुळे तीच गाडी दुरून येऊ लागली. कोणती आवृत्ती घ्यायची हे ठरवताना वादक खरे तर पाहणारा कुठे उभा आहे तेच ठरवत असतो. गंमत अशी की हार्टमानची बहुतेक चित्रे पुढे हरवली. कीव्हच्या दरवाजाचा आराखडा आणि अंड्यातल्या पिल्लांच्या नाचाचे पोशाखचित्र अशी मोजकीच उरली आहेत.

देबुसीने 1889 च्या पॅरिस प्रदर्शनात जावाचा गामेलान वाद्यवृंद ऐकला. 1903 च्या ‘पागोद’ या पियानोरचनेत त्याचा नाद उतरला. देबुसीच्या प्रिल्यूड्सची नावे प्रत्येक रचनेच्या शेवटी कंसात छापलेली असतात. आधी ऐका, चित्र नंतर पाहा, असाच बहुधा त्यामागचा रोख.

रावेलला अलोइझियस बेर्त्राँच्या गद्यकवितांचे पुस्तक दाखवले ते रिकार्दो व्हिन्येस या चोखंदळ वाचक असलेल्या पियानोवादकाने. त्यातून 1908 मध्ये ‘गास्पार द ला न्वी’ जन्मले आणि जानेवारी 1909 मध्ये व्हिन्येसनेच ते प्रथम वाजवले. ‘ल जिबे’ या मधल्या भागात दूरची घंटा अथपासून इतिपर्यंत एकाच बी-फ्लॅटवर वाजत राहते; लय अगदी संथ, भावनेला मोकळीक नाही. श्रोते कंटाळतील या धास्तीने व्हिन्येस ते रावेलला हवे तसे वाजवायला तयार नव्हता, अशी तक्रार रावेलने पुढे केली. कवितेची ओळख करून देणारा वाचक आणि मंचावरचा वादक एकाच माणसात असूनही त्यांचे एकमत झाले नव्हते.

विसाव्या शतकात या साऱ्याला अध्यापनात जागा मिळाली. मॉस्कोत पियानोशिक्षक हाइनरिख नॉयहाउस यांनी 1958 च्या आपल्या पुस्तकाची सुरुवात बोटांनी न करता रचनेच्या कलात्मक प्रतिमेने केली. त्यांचा शिष्य रिख्टर ओडेसाच्या ऑपेरागृहात गायकांना साथ करून आला होता. तो पेस्टल रंगांत चित्रेही काढी. 1981 मध्ये मॉस्कोच्या पुश्किन संग्रहालयात त्याच्या पुढाकाराने चित्रप्रदर्शनासोबत मैफली भरवणारा ‘डिसेंबर संध्या’ हा महोत्सव सुरू झाला.

पियानोवादक आल्फ्रेड ब्रेंडेलने 1948 मध्ये सतराव्या वर्षी ग्राझला पहिली मैफल केली, तेव्हा त्याच शहरात त्याची जलरंगातली चित्रेही मांडलेली होती. चित्रकला पुढे सुटली. कविता आणि निबंध मात्र वाढत गेले. 2008 च्या डिसेंबरात व्हिएन्नामध्ये निरोपाची मैफल करून त्याने मंच सोडला. त्यानंतरही त्याचे लेखन, कवितावाचन आणि व्याख्याने सुरू होती.