'अँदिझेन' : वसाहतीच्या सैनिकाचा हिशेब आणि मराठी मुलूख

प्रास्ताविक

फ्रेंच भाषेत 'अँदिझेन' या शब्दाचा कोशातला अर्थ 'त्या भूमीचा मूळ रहिवासी' एवढाच आहे. परंतु अल्जीरियात १८८१ साली फ्रेंच सत्तेने 'अँदिझेना' ही कायदेव्यवस्था लागू केली, आणि त्यानंतर या शब्दाला नागरिकत्वाच्या बाहेर ठेवलेला, वेगळ्या शिक्षांना पात्र असलेला प्रजाजन असा अर्थ चिकटला. मराठी वाचकाला हे समजावून सांगण्यासाठी फार लांब जावे लागत नाही. मुंबईत एके काळी 'बॉम्बे नेटिव एज्युकेशन सोसायटी' ही संस्था त्याच नावाने मानाने नांदत होती. पुढे 'नेटिव' हा शब्द साहेबाच्या तोंडून आला की ती शिवी वाटू लागली. दिग्दर्शक राशिद बुशारेब यांनी आपल्या २००६ सालच्या युद्धपटासाठी नेमका हाच शब्द निवडला. इंग्रजीत तो 'डेज ऑफ ग्लोरी' या नावाने प्रदर्शित झाला, आणि मूळ नावातला सगळा कडवटपणा तेथे हरवला.

प्रस्तुत लेखात या चित्रपटाच्या कलामूल्यांची चर्चा गौण मानली आहे. साम्राज्यासाठी लढलेल्या वसाहतीतील सैनिकाचा हिशेब कोणी आणि कशाच्या आधारे मागावयाचा, हा चित्रपटाने उभा केलेला प्रश्न आपल्या मुलखाच्या इतिहासाशी ताडून पाहणे, हा येथील हेतू आहे.

चित्रपटाची मांडणी

कथानक १९४३ ते १९४५ या काळातले आहे. जर्मनीने पराभूत केलेल्या फ्रान्सच्या मुक्तीसाठी उत्तर आफ्रिकेत सैन्य उभारले जाते. गरिबीतून आलेला सईद, पैशासाठी लढणारा मोरोक्कन यासिर, अचूक नेमबाज मसूद आणि शिकलेला, समानतेवर विश्वास ठेवणारा कॉर्पोरल अब्देलकादेर हे चौघे या सैन्यात भरती होतात. त्यांच्यावर सार्जंट मार्तिनेझ आहे. तो अल्जीरियात वाढलेला युरोपीय म्हणून वावरतो. आपली आई अरब होती हे तो लपवून ठेवतो. इटलीतील डोंगराची चढाई, दक्षिण फ्रान्स, व्होज पर्वतातली थंडी आणि शेवटी अल्सास प्रांतातील एका खेड्याचे रक्षण असा हा प्रवास आहे.

या विस्तीर्ण युद्धपटातील सर्वांत प्रभावी प्रसंग मात्र रणांगणावर घडत नाही. जहाजावर जेवण वाढले जात असताना टोमॅटो केवळ गोऱ्या सैनिकांना मिळतात. अब्देलकादेर पुढे होतो आणि ती टोमॅटोची पेटी पायाखाली चिरडतो. बढती, रजा, पत्रव्यवहार या प्रत्येक ठिकाणी हाच भेद पुन्हा दिसतो. मसूदने मार्सेयमधील फ्रेंच प्रेयसीला लिहिलेली पत्रे सैन्याची तपासणी-यंत्रणा पोहोचू देत नाही; तो आपल्याला विसरला असे तिला वाटते, आणि ती विसरली असे त्याला. अल्सासमधील अखेरच्या चकमकीतून एकटा अब्देलकादेर जिवंत राहतो. त्यानंतर फ्रेंच तुकडी गावात येते आणि छायाचित्र गोऱ्या सैनिकांचे व गावकऱ्यांचे घेतले जाते. साठ वर्षांनंतर वृद्ध अब्देलकादेर आपल्या सोबत्यांच्या थडग्यांपाशी येतो आणि मग एका लहानशा खोलीत परततो.

२००६ च्या कान महोत्सवात जमेल देब्बूझ, सामी नासेरी, रोश्दी झेम, सामी बुआजिला व बेर्नार ब्लांकाँ या पाचही नटांना उत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार संयुक्तपणे देण्यात आला. अल्जीरियाच्या वतीने पाठविलेला हा चित्रपट पुढे ऑस्करच्या नामांकनापर्यंतही पोहोचला.

चित्रपटाची एक मर्यादा येथेच नोंदविली पाहिजे. मे १९४४ मध्ये मोरोक्कन तुकड्यांनी ऑरुंची पर्वत ओलांडून जर्मन फळी फोडली; त्याच दिवसांत फ्रेंच सेनेतील सैनिकांनी इटालियन खेड्यांतील स्त्रियांवर मोठ्या प्रमाणावर अत्याचार केले. इटलीच्या लोकस्मृतीत ती जखम आजही आहे. चित्रपट त्याविषयी मौन पाळतो. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांना निष्कलंकच दाखविले पाहिजे, हा आग्रह समजण्यासारखा असला तरी इतिहासाच्या अध्यापकाला तो मान्य करता येणार नाही. या दृष्टीने सेनेगलचे उस्मान सेम्बेन व थिएर्नो फाती सो यांचा 'काँ द तियारॉय' (१९८८) मला अधिक धीट वाटतो. थकलेले वेतन मागणाऱ्या आफ्रिकी सैनिकांवर फ्रेंच सैन्यानेच १ डिसेंबर १९४४ रोजी केलेला गोळीबार हा त्याचा विषय आहे. फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी त्या घटनेला 'हत्याकांड' म्हणण्यास २०२४ साल उजाडावे लागले.

निवृत्तिवेतनाचा प्रश्न

चित्रपटाच्या शेवटी पडद्यावर येणारा मजकूर कायद्याविषयी आहे. डिसेंबर १९५९ मधील वित्तीय कायद्याने फ्रान्सने स्वतंत्र झालेल्या वसाहतींतील माजी सैनिकांचे निवृत्तिवेतन गोठविले. फ्रेंच नागरिक असलेल्या सैनिकाचे वेतन महागाईबरोबर वाढत गेले; त्याच्या शेजारी लढलेल्या अल्जीरियन वा सेनेगली सैनिकाचे होते तेथेच राहिले. २००१ साली फ्रान्सच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने हा भेद अमान्य केला, परंतु अंमलबजावणी रेंगाळली. २७ सप्टेंबर २००६ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्याच सुमारास राष्ट्राध्यक्ष झाक शिराक यांच्या सरकारने सुमारे ८०,००० माजी सैनिकांची युद्धविषयक वेतने समान करण्याची घोषणा केली. एखाद्या कथापटाने अर्थसंकल्पातील तरतूद बदलावी, असे उदाहरण विरळाच.

तथापि या विजयाचे वर्णन जपून करावयास हवे. २००६ चा निर्णय केवळ युद्धनिवृत्ती व अपंगत्वाच्या वेतनापुरता होता आणि मागील थकबाकी देणारा नव्हता. उरलेला भेद घटनाबाह्य ठरला तो २८ मे २०१० रोजी. नागरिकांना प्रचलित कायद्यास घटनापरिषदेपुढे आव्हान देण्याची नवी वाट खुली झाल्यानंतर परिषदेने दिलेला तो पहिलाच निर्णय होय. तोवर बहुतेक अब्देलकादेर मरण पावले होते.

आपल्या मुलखातील सैनिक

दिग्रसमध्ये बसून हा चित्रपट पाहताना पहिली आठवण होते ती वऱ्हाडच्या इतिहासाची. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या हवाली केला, तो मुख्यतः 'हैदराबाद कंटिंजंट' या फौजेचा खर्च भागावा म्हणून. त्या काळी दारव्हा तालुक्यात असलेल्या दिग्रसच्या कापसाच्या जमिनीचा सारा अशा प्रकारे एका वसाहती फौजेच्या पगाराला जोडला गेला. हीच फौज १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या सेनेबरोबर काल्पीवर चालून गेली होती. १९०२ च्या करारात वऱ्हाडचा कायमचा पट्टा वार्षिक २५ लक्ष रुपयांना ठरला आणि कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाली. येथील शेतकऱ्याने बंदूक हाती न घेताही साम्राज्याच्या सैन्याचा भार उचलला होता. सैनिकाचा हिशेब मांडताना हे खाते सहसा कोणी उघडत नाही.

बंदूक घेणाऱ्यांची कथा पश्चिम महाराष्ट्रात अधिक ठळक आहे. पहिल्या महायुद्धात हिंदी शिपायाचा मासिक पगार ११ रुपये होता आणि सुभेदार कितीही अनुभवी असला तरी नवख्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या खालीच उभा राही. कूत-अल-अमाराच्या वेढ्यात मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीनंतर त्यांतील अनेकांच्या वाट्याला तुर्की कैद आली. दुसऱ्या महायुद्धात तर मराठा सैनिक चित्रपटातील सैनिकांच्या अगदी शेजारी होते. ११ मे १९४४ रोजी सुरू झालेल्या ज्या मोहिमेत जनरल ज्युअँ यांच्या उत्तर आफ्रिकी तुकड्या ऑरुंची पर्वतात शिरल्या, त्याच मोहिमेत आठव्या भारतीय डिव्हिजनने गारी नदी ओलांडली. मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण या डिव्हिजनमध्ये होती.

दोन महिन्यांनी, १० जुलै १९४४ रोजी, तिसऱ्या पलटणीचे नाईक यशवंत घाडगे टायबर नदीच्या खोऱ्यात एकटेच जर्मन मशीनगनवर धावून गेले. त्यांच्या तुकडीतील बाकी सर्व जण ठार वा जखमी झाले होते. मॅगझिन बदलण्यास वेळ नव्हता, म्हणून त्यांनी बंदूक नळीकडून धरून तिच्या दस्त्याने उरलेल्या दोघांना लोळविले. नंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते कोसळले. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर पहिल्या पलटणीचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना पाण्यातून बाहेर काढले आणि एकट्याने तीन मशीनगन-चौक्या निकामी केल्या. मग बांधावर उभे राहून त्यांनी मराठ्यांची रणगर्जना केली. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. महाराष्ट्राच्या मातीतली रणगर्जना इंग्लंडच्या राजाच्या सैन्यासाठी इटलीच्या नदीकाठी घुमावी, यातला पेच एखाद्या समर्थ पटकथाकाराला पुरून उरेल असा आहे. 'फर्जंद' (२०१८), 'पावनखिंड' (२०२२) यांसारखे मराठी युद्धपट शिवकाळात रमतात; सेनिओच्या काठावरील तीच गर्जना मात्र त्यांना अवघड जागेचे दुखणे वाटत असावी.

मराठी मुलखातील हिशेबाला आणखी एक बाजू आहे आणि ती बुशारेब यांच्या चित्रपटात नाही. अब्देलकादेरची तक्रार भरती झाल्यानंतरच्या विषमतेची आहे. महार समाजाला मात्र भरतीचा हक्कच परत मागावा लागला. 'लढाऊ जाती'च्या सिद्धान्तामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांची भरती थांबली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी त्याविरुद्ध अर्ज तयार केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने भारतमंत्र्यांकडे निवेदन गेले. १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली आणि युद्ध सरल्यावर १९२१ मध्ये मोडीत निघाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यासह अनेकांच्या पाठपुराव्यानंतर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. सैन्यातील नोकरी म्हणजे येथे पगार, शिक्षण आणि गावकीच्या बाहेरचे जगणे. साम्राज्याची चाकरी ही गुलामी की मुक्तीची वाट, या प्रश्नाचे उत्तर एकाच पलटणीत दोन घरांतून वेगवेगळे येऊ शकत होते.

निवृत्तिवेतनाच्या बाबतीत आपली वाट फ्रान्सपेक्षा वेगळी झाली. १९४७ नंतर सैन्याबरोबर ही जबाबदारीही भारत व पाकिस्तान या नव्या राष्ट्रांकडे आली, त्यामुळे लंडनविरुद्ध तसा लढा उभा राहिला नाही. युद्धापुरते भरती होऊन अल्पसेवेनंतर घरी पाठविलेल्या शिपायांना मात्र पेन्शनच नव्हते. महाराष्ट्र शासनाने पुढे अशा माजी सैनिकांसाठी व त्यांच्या विधवांसाठी मासिक साहाय्य सुरू केले.

इटलीच्या मोहिमेत सुमारे ५०,००० भारतीय सैनिक होते. त्यांपैकी ५,७८२ तेथेच मृत्युमुखी पडले. घाडगे यांचा पुतळा रायगड जिल्ह्यातील माणगाव येथे आहे. जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोंतोने या गावाने त्यांच्या नावाने स्मारक उभारले. ते स्मारक म्हणजे एक सूर्यघडी आहे.