वळताना बघायचं

९ ऑक्टोबर २०२३, वार सोमवार. जुन्नर तालुक्यात ज्यानं जन्मात एकदा तरी बैल घेतलाय, त्याच्या डोक्यात सोमवार आणि बेल्ह्याचा बाजार जोडीनंच येतात. त्या रात्री मात्र पिंपळवंडीत आमच्या ओट्यावर वेगळाच बाजार भरला होता. मुंबईत प्रो कबड्डीचा लिलाव चालू होता. पोरांनी टीव्ही खिडकीत फिरवून ठेवलेला, आणि आमचे तात्या बाजेवर बसून, आपल्याला यातलं काही कळत नाही असा चेहरा करून, सगळं ऐकत होते.

पवन सेहरावतचं नाव पुकारलं गेलं. आदल्या वर्षी तमिळ थलायवाजनं त्याला २ कोटी २६ लाखांना घेतला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये हंगामातल्या त्यांच्या पहिल्याच सामन्यात, घाम यायच्या आतच, त्याचा गुडघा गेला आणि सव्वादोन कोटींचा गडी उरलेला हंगाम बाहेर बसला. आता वर्षभरानं तोच गुडघा पुन्हा बाजारात आला होता, आणि बोली थांबेना. २ कोटी ६० लाख ५० हजार! तोवरच्या इतिहासातली सगळ्यात मोठी बोली. तेलुगू टायटन्सनं त्याला उचलला.

त्याच लिलावात आपल्या कोल्हापूरचा सिद्धार्थ देसाईही होता. चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीचा हा गडी. २०१८ मध्ये यू मुंबानं त्याला ३६ लाख ४० हजारांना घेतला आणि पहिल्याच हंगामात त्यानं चढायांमध्ये दोनशेच्या वर गुण काढले. पुढच्या वर्षी बोली १ कोटी ४५ लाखांवर गेली, लोक बाहुबली म्हणू लागले. मग आठव्या हंगामात दोन-चार सामन्यांतच खांद्यानं दगा दिला. आता हरियाणा स्टीलर्सनं त्याच्यावर १ कोटी लावले.

म्हणजे एक गुडघा महाग झाला होता आणि एक खांदा स्वस्त. ओट्यावर दोन तट पडायला एवढं पुरेसं होतं.

थोरला पुतण्या म्हणाला, "एकदा फेल गेलेल्या इंजिनाला नव्यापेक्षा जास्त पैसे कोण देतं?" धाकट्याचं उत्तर तयार होतं, "दोनच दिवसांपूर्वी हांगझोला एशियाडचं सोनं आणलंय त्यानं, कप्तान म्हणून. अजून काय पायजे?" कुणीतरी म्हणालं, मोडलेलं जुळलं की पहिल्यापेक्षा घट्ट होतं. कुणीतरी म्हणालं, एकदा मोडलं ते मोडलंच.

तात्या एवढंच बोलले, "पाय काय बघताय? वळताना बघा."

तात्यांनी आयुष्यात शर्यतीच्या गाड्याचे बैल किती घेतले-विकले याचा हिशेब त्यांच्याकडंही नाही. हेडी, म्हणजे बैलांचा दलाल, बैल दाखवतो तेव्हा सरळ चालवून दाखवतो. सपाटीला, सरळ रेषेत, अधू जनावरसुद्धा ऐटीत चालतं. तात्या कासरा आपल्या हातात घेतात, दहा पावलं नेतात आणि अचानक उजवीकडं वळवतात, मग डावीकडं. एका बाजूला वळताना जनावर अर्धं पाऊल जास्त टाकतं का, ते बघतात. मग उतारावरून खाली आणतात. चढावर जोर दिसतो, पण दुखणं दिसतं ते उतरताना, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ते खूर उचलून पत्री, म्हणजे खुराला ठोकलेला नाल, कुठं झिजलीय ते बघतात, आणि तीही दुखऱ्या पायाची नाही, चांगल्या पायाची. पाय दुखून गेलेला बैल बरा झाला तरी भार दुसऱ्या पायावर टाकत राहतो, आणि पत्री खोटं बोलत नाही.

हे मी लहानपणापासून बघत आलोय. गेल्या काही वर्षांत खेळाडूंच्या दुखापतींवर जे संशोधन झालं, ते वाचायला लागलो तेव्हा मात्र चाटच पडलो. तात्यांच्या तिन्ही युक्त्या त्यात बसलेल्या होत्या.

आधी मूळ प्रश्न घेऊ. एकदा दुखावलेला खेळाडू पुन्हा दुखावतो हे खरं, की नुसती आवई? स्वीडनचे यान एकस्ट्रँड आणि त्यांचे सहकारी २००१ पासून युरोपातल्या मोठ्या फुटबॉल क्लबांच्या दुखापतींची वही ठेवतायत. पंचवीस जणांच्या संघात एका हंगामात साधारण पन्नास दुखापती होतात, म्हणजे माणशी दोन. दुखापत न होणारा खेळाडू हीच अंधश्रद्धा म्हणायची. याच मंडळींनी २००६ मध्ये स्वीडिश खेळाडूंचे लागोपाठचे दोन हंगाम ताडून पाहिले. आदल्या हंगामात मांडीमागचा स्नायू, जांघ किंवा गुडघा दुखावला असेल, तर पुढच्या हंगामात तीच जागा पुन्हा दुखावण्याचा धोका दुपटी-तिपटीनं जास्त निघाला. थोरल्या पुतण्याचं बरोबर होतं.

पण का? इथं खरी गंमत सुरू होते.

गुडघ्याच्या आत मधोमध एक तिरपा दोर असतो. गावात ज्याला "लिगामेंट गेलं" म्हणतात, ते बहुतेक वेळा हेच, एसीएल. हा तुटला की आपणहून धड जुळून येईल याची खात्री नसते. म्हणून सर्जन त्याच खेळाडूच्या मांडीमागच्या स्नायूची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा काढून तिथं ओवतात. आपल्याला वाटतं, दोर बसवला, काम झालं. प्रत्यक्षात त्या क्षणी तो दोर निर्जीव असतो, कारण त्याचा रक्तपुरवठा कापलेला असतो. त्यातल्या जुन्या पेशी मरतात, मग हळूहळू नव्या पेशी आणि रक्तवाहिन्या आत शिरतात आणि आतून सगळं पुन्हा विणायला घेतात. या विणकामाच्या पहिल्या महिन्यांत दोर ऑपरेशनच्या दिवशी होता त्याहून कच्चा असतो. म्हणजे सूज उतरलेली, दुखणं थांबलेलं, गडी म्हणतो "मी फिट आहे", आणि आत अजून मागावर धागे ताणलेलेच. विणकाम पुरं व्हायला वर्ष-दोन वर्षं लागतात. २०१६ मध्ये नॉर्वेतल्या एका संशोधनात दिसलं की ऑपरेशननंतर नऊ महिन्यांपर्यंत, मैदानावर परतायला लावलेल्या प्रत्येक जादा महिन्यामागं गुडघा पुन्हा जायचा धोका निम्म्यानं उतरतो. पवन बरोबर एक हंगाम बाहेर बसला होता. अडीच कोटींचा हिशेब करणाऱ्यांनी ते महिने नक्की मोजले असणार.

तरी त्याहून अचंब्याची गोष्ट पुढंच आहे. हा दोर नुसता दोर नाही. त्यात मज्जातंतूंची टोकं असतात आणि ती गुडघा कुठं आहे, किती वाकलाय, किती ताणलाय, याची खबर मेंदूला देत असतात. डोळे मिटूनही आपला पाय कुठं आहे हे आपल्याला कळतं ते अशाच खबऱ्यांमुळं. दोर तुटला की तेही जातात. नवा दोर बसवला तरी ते सगळे परत येत नाहीत. मग मेंदू काय करतो? एसीएलचं ऑपरेशन झालेल्यांचा गुडघा हलत असताना त्यांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या, तर दृष्टीशी जोडलेले भाग इतरांपेक्षा जास्त काम करताना दिसले. त्यांचा मेंदू जणू गुडघा डोळ्यांनी सांभाळत होता! आता कबड्डीत चढाईला गेलेला गडी बघा. त्याची नजर सात जणांवर असते. कोपऱ्यातला अँकल होल्डसाठी खाली बसतोय, मधला डॅश मारायच्या बेतात आहे. डोळे असे गुंतले की गुडघ्याकडं लक्ष द्यायला उरतं कोण? तात्यांचं अचानक वळवणं आठवा. सरळ चालीत जनावराला सवड मिळते, वळणात मिळत नाही.

उताराची युक्तीही अशीच. जोरात पळताना मांडीमागचा स्नायू फाटतो तो बहुधा पाय पुढं फेकल्यावर, जमिनीला टेकायच्या जरा आधी. तेव्हा तो स्नायू पाय ढकलत नसतो, फेकलेल्या पायाला ब्रेक लावत असतो, आणि तेही पुरता ताणलेला असताना. जखम भरली तरी मज्जासंस्था त्या स्नायूला ताणलेल्या अवस्थेत पूर्ण जोर लावू देत नाही, हँडब्रेक अर्धा ओढूनच ठेवते. साध्या तपासणीत हे सापडत नाही. म्हणून फुटबॉलवाले आता गुडघे टेकून, कुणाला तरी टाचा धरायला लावून, आपलं धड हळूहळू पुढं झुकवायचा व्यायाम करतात. त्यात स्नायू ताणला जात असतानाच धड सावरतो. तो नेमानं करणाऱ्या संघांत या दुखापती निम्म्यावर येतात. उतारावरून बैल उतरवणं आणि हा व्यायाम, तत्त्व एकच.

आणि पत्री? पंचविशीच्या आतले जे खेळाडू एसीएलच्या ऑपरेशननंतर पुन्हा खेळायला जातात, त्यांच्यात चारांतल्या जवळजवळ एकाचा एसीएल पुन्हा जातो. हा दुसरा घाव अनेकदा दुसऱ्याच, कधीही न दुखावलेल्या गुडघ्याला बसतो. हे वाचलं त्या दिवशी मी तात्यांना फोन केला. ते म्हणाले, "मग? हे सांगायला फोन केलास व्हय?"

खांद्याचं मात्र वेगळं. खांद्याची वाटी इतकी उथळ असते की शाळेतली लिंबू-चमच्याची शर्यत आठवावी. लिंबू चमच्यात टिकतं ते कडेच्या मऊ कठड्यामुळं आणि भोवतीच्या स्नायूंमुळं. कोवळ्या वयात खांदा एकदा निखळला की कठडा फाटतो आणि लिंबू पुन्हा पुन्हा सांडतं. आणि चढाईत तर लांब हात टाकून गडी शिवायचा, मागं तीन जण ओढत असताना तोच हात मध्यरेषेकडं फेकायचा. त्या खेळाला खांदा म्हणजे जीव.

इतकं सगळं माहीत असून क्लब अशा गड्यांवर पैसे का लावतात? कारण उलट बाजूची उदाहरणंही तेवढीच खणखणीत आहेत. एप्रिल २००० मध्ये मँचेस्टर युनायटेडनं हॉलंडचा रूड व्हॅन निस्टेलरॉय जवळजवळ घेतलाच होता. गुडघ्याच्या तपासणीवरून व्यवहार अडला. लगोलग त्यानं आपल्या क्लबात सराव करून दाखवायला घेतला, कॅमेरे चालू होते, आणि कॅमेऱ्यांसमोरच तोच गुडघा तुटला. कोणताही शहाणा हेडी तिथून बाजार सोडून घरी जाईल. युनायटेड एक वर्ष थांबलं आणि २००१ मध्ये त्यालाच घेतलं. पुढं त्यानं त्यांच्यासाठी २१९ सामन्यांत १५० गोल केले. दुसरीकडं रेआल माद्रिदनं २००४ मध्ये जोनाथन वूडगेट दुखापतीसकट विकत घेतला. तो पहिला सामना खेळला तेरा महिन्यांनी, आणि त्यात स्वतःच्याच जाळ्यात गोल मारून, लाल कार्ड घेऊन बाहेर आला. दोन्ही वेळा तपासणारे डॉक्टर हुशारच होते. दुप्पट धोका म्हणजे खात्री नव्हे, आणि आकडा शंभर गुडघ्यांबद्दल बोलतो. लिलावात विकायला एकच गुडघा उभा असतो.

आमच्या बैलगाड्यांनाही आता शर्यतीआधी पशुवैद्यकाचा दाखला लागतो. शर्यतींवरची २०१४ ची बंदी, मग डिसेंबर २०२१ ची सशर्त परवानगी, आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं दिलेला निकाल, या सगळ्यातून आलेला हा नियम मला चांगला वाटतो. तात्यांना तो पुरेसा वाटत नाही. डॉक्टर जनावर उभं असताना तपासतो, हे त्यांचं गाऱ्हाणं.

त्या लिलावाचं पुढं काय झालं? पवनचा गुडघा टिकला, त्यानं चढायांत दोनशेच्या वर गुणही काढले, पण तेलुगू टायटन्स बावीसपैकी फक्त दोन सामने जिंकून तळाला राहिले. ओट्यावरच्या दोन्ही तटांना आपणच बरोबर होतो असं वाटायची सोय झाली. सिद्धार्थची हरियाणा थेट अंतिम सामन्यात पोचली आणि १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणनं तिला २८-२५ असं हरवलं. पलटणचा कप्तान आपल्या शेजारच्या नगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार. आणि पुढच्याच हंगामात गुडघा गेला तो अस्लमचा. निम्मा हंगाम बाहेर.

२०२५ मध्ये पलटणनं त्यालाच कप्तान ठेवला. पहिल्या सामन्याला ओटा भरला होता. अस्लम चढाईला गेला, पोरं गुण मोजायला लागली. तात्या पुढं सरकून बसले. अस्लम मध्यरेषेकडं परत फिरला, एका पायावर, झटक्यात.

"वळला," तात्या म्हणाले, आणि चहा मागितला.