राजवाडे कोणी जगवले?

लॉस एंजेलिस शहराच्या मध्यभागी, ब्रॉडवे आणि आठवा रस्ता यांच्या कोपऱ्यावर, जून २०२१ मध्ये ॲपल कंपनीचे दुकान उघडले. ही वास्तू मुळात १९२७ सालचे टॉवर थिएटर. वास्तुशिल्पी एस. चार्ल्स ली यांनी अरुंद जागेत सुमारे ९०० खुर्च्या बसवल्या आणि पॅरिसच्या ऑपेरागृहाचा थाट उभा केला. १९८८ साली थिएटर बंद पडले. आज त्याच सभागृहात फोन विकले जातात.

हा इतिहास वैभव, ऱ्हास आणि पुनरुद्धार अशा तीन शब्दांत सांगितला जातो. पण ज्याला ऱ्हास म्हणतात त्या काळात या रस्त्यावर कोण होते, हे विचारले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धानंतर गोरा मध्यमवर्ग उपनगरांत गेला. काळ्यांना व अन्य वर्णीयांना घर विकू नये, अशा अटी तेथील खरेदीखतांत सर्रास असत. न्यायालये या अटींची अंमलबजावणी करू शकत नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला. तरी भेदभाव चालूच राहिला. मागोमाग दूरचित्रवाणी आली. ब्रॉडवेवरचे हे राजवाडे तेव्हाच ओस पडायचे. पण मेक्सिकन कष्टकरी कुटुंबे तिकिटे काढून आत आली. १९१८ सालचे मिलियन डॉलर थिएटर १९५० च्या सुमारास स्पॅनिश चित्रपटांचे आणि गाण्याबजावण्याचे केंद्र बनले. पुढे कॅमिओ, आर्केड व रॉक्सी ही एकमेकांना लागून असलेली थिएटरे बंद पडली, तेव्हा त्यांच्या दर्शनी भागात स्वस्त मालाची दुकाने लागली.

म्हणजे ब्रॉडवेवर थिएटरचे दुकान ॲपलच्या आधीच झाले होते. मात्र गरिबांच्या दुकानाला ऱ्हास म्हटले गेले, श्रीमंत कंपनीच्या दुकानाला पुनरुद्धार! टॉवरचा घुमट आणि रंगीत काच कंपनीच्या पैशाने पुन्हा उजळली, हे नाकारण्याचे कारण नाही. पण रस्ता जिवंत राहिला म्हणूनच उजळण्यासारखे काही शिल्लक उरले. बांधणाऱ्याचे आणि उजळणाऱ्याचे नाव नोंदले जाते. मधली चाळीस वर्षे जगवणारे 'पडता काळ' या दोन शब्दांत पुसले जातात. गावाच्या इतिहासात ज्यांच्या वस्तीला जागा मिळाली नाही, त्या आपण तरी ही भाषा ओळखली पाहिजे.