धुराचा जमाखर्च

नागपूरकर भोसल्यांनी काशीत बांधविलेल्या घाटाकडून पंचगंगा घाटाकडे जाताना वाटेत रामघाट लागतो. या घाटांसमोरून जा-ये करणाऱ्या यांत्रिक नावा वर्षानुवर्षे डिझेलवर चालत असत. 2021-22 च्या सुमारास त्यांपैकी अनेक नावांची यंत्रे सीएनजीवर, म्हणजे दाबाखाली साठविलेल्या नैसर्गिक वायूवर, चालतील अशी करण्यात आली. 'गेल' या सरकारी वायू-कंपनीने त्यासाठी आपल्या सामाजिक दायित्वाच्या निधीतून साहाय्य केले, आणि खिडकिया घाटावर वायू भरण्याचे केंद्र उभारले गेले. या इंधनाने काजळी कमी होते, हे निर्विवाद होय. तथापि वायू जळला की कर्बद्विप्राणिद, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, निर्माण होतोच. रामघाटासमोरून जाणाऱ्या नावेतून निघालेला हा वायू कोणाच्या खाती मांडावयाचा? ऊर्जा-उद्योगातील कंपन्या आपल्या हवामानविषयक अहवालांत जे आकडे देतात, त्यांचा कस या प्रश्नावर लागतो.

तीन कक्षा

अशा हिशेबाची सर्वमान्य पद्धती 2001 मध्ये प्रसिद्ध झाली. तीत उत्सर्जनाच्या तीन कक्षा कल्पिल्या आहेत. कंपनीच्या स्वतःच्या भट्ट्या, यंत्रे व वाहने यांतून निघणारा वायू पहिल्या कक्षेत येतो. तिने विकत घेतलेली वीज निर्माण करताना जो वायू निघतो, तो दुसऱ्या कक्षेत. पुरवठादारांकडे निघणारा, आणि कंपनीचा माल विकला गेल्यावर गिऱ्हाइकाकडे निघणारा वायू तिसऱ्या कक्षेत मोडतो.

चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात कोळसा केंद्राच्याच भट्टीत जळतो. म्हणून त्याचा धूर पहिल्या कक्षेत मोजला जातो. तोच कोळसा खणून विकणाऱ्या कंपनीच्या वहीत मात्र तो धूर तिसऱ्या कक्षेत जातो. वायू आणि तेल विकणाऱ्यांची स्थितीही अशीच आहे. त्यांच्या मालाचा बहुतेक धूर गिऱ्हाइकाच्या यंत्रातून बाहेर पडतो.

शेअरबाजारावर देखरेख ठेवणाऱ्या 'सेबी' या मुंबईस्थित संस्थेने 2021 मध्ये नवा नियम केला. बाजारमूल्याने पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना 2022-23 या वर्षापासून पर्यावरणविषयक अहवाल सक्तीचा झाला. त्यात पहिल्या दोन कक्षांचे आकडे आवश्यक ठरविले गेले. तिसरी कक्षा कंपनीच्या इच्छेवर सोपविण्यात आली. परिणामी वायू विकणाऱ्या एखाद्या कंपनीचा अहवाल नियमानुसार पूर्ण असूनही त्यात नावेचा धूर मुळीच नसणे शक्य आहे.

गळतीचा हिशेब

दुसरी अडचण मोजमापाची. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यत्वे मिथेन. रसायनशास्त्राच्या साध्या नियमानुसार 1 किलो मिथेन पूर्ण जळाल्यास 2.75 किलो कर्बद्विप्राणिद निर्माण होतो. म्हणजे 100 किलोपासून 275 किलो. तेवढीच उष्णता डिझेलपासून मिळविल्यास सुमारे 365 किलो निघेल. यंत्रांची कार्यक्षमता सारखी मानली, तर येथे 90 किलोंची बचत झाली.

परंतु न जळता निसटलेला मिथेन हवेस फार अधिक तापवितो. शंभर वर्षांच्या मुदतीत 1 किलो मिथेन सुमारे 30 किलो कर्बद्विप्राणिदाच्या बरोबरीचा ठरतो. वीस वर्षांच्या मुदतीत तो 80 किलोंहून अधिक भरतो. आता समजा, नावेत 100 किलो वायू जळेपर्यंत वाटेत कोठेतरी 3 किलो गळाला. तीन गुणिले तीस म्हणजे नव्वद: सारी बचत संपली! वीस वर्षांचे माप लावल्यास तर 90 किलोंच्या बचतीसमोर 240 किलोंचा खर्च उभा राहतो. डिझेल काढताना व शुद्ध करताना होणारे उत्सर्जन या उदाहरणात धरलेले नाही. ते धरल्यास डिझेलची बाजूही जड होईल. तात्पर्य इतकेच की, गळती प्रत्यक्ष उपकरणाने मोजली की ठरावीक गुणकाने अंदाजली, आणि कोणत्या मुदतीचे माप लावले, हे सांगितल्यावाचून अहवालातील आकड्यास पुरता अर्थ येत नाही.

भागाकाराची किमया

या अहवालांत एकूण उत्सर्जनाबरोबर उलाढालीच्या दर रुपयामागील उत्सर्जनही द्यावे लागते. इंधनाचे भाव दुप्पट झाले आणि विक्री तितकीच राहिली, तर उलाढाल दुप्पट होते व दर रुपयामागील उत्सर्जन निम्मे दिसते. धूर मात्र तसूभरही घटलेला नसतो. म्हणून भागाकार पाहण्यापूर्वी एकूण बेरीज पाहावी.

आर्थिक ताळेबंदास हिशेबतपासनीसाची सही लागते. हवामानाच्या आकड्यांना तशी सही 1000 कंपन्यांच्या मूळ नियमात आवश्यक नव्हती. 2023 मध्ये 'सेबी'ने निवडक मुद्द्यांच्या त्रयस्थ तपासणीची योजना आखली, आणि पहिल्या 150 कंपन्यांपासून ती टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरविले.

हे अहवाल कोणासही वाचावयास मिळतात. ते हाती घेणाऱ्याने चार गोष्टी शोधाव्यात: तिसरी कक्षा दिली आहे काय, गळती मोजलेली आहे की अंदाजलेली, एकूण उत्सर्जन वाढले की घटले, आणि आकडे कोणी तपासले. या चौकशीस मोठ्या विद्वत्तेची गरज नाही. वर केलेला गुणाकार शाळेतील विद्यार्थ्यासही करता येतो.