रायगडाच्या छायेतील एक तबकडी

दरवर्षी जूनच्या ६ तारखेला, मृगाची पहिली सर येऊन गेलेली असो वा नसो, महाडहून गांधारी नदीच्या खोऱ्यातून पाचाडकडे जाणारा सुमारे २५ किलोमीटरांचा रस्ता माणसांनी भरून वाहू लागतो. आणि ढोलताशांच्या गजराला मध्येच जो विसावा मिळतो त्या विसाव्यात, पायथ्याच्या एखाद्या मांडवातील ध्वनिक्षेपकावरून एक स्त्रीस्वर उमटतो व गडाची चढण चढणारी पावले आपसूक त्याच्या लयीत पडू लागतात. तो स्वर लता मंगेशकरांचा आहे हे कुणाला सांगावे लागत नाही. परंतु कधी ‘निश्चयाचा महामेरू’, कधी ‘वेडात मराठे वीर दौडले सात’ अशी सुटी सुटी कानी पडणारी ही पदे मुळात एकाच ध्वनिमुद्रिकेची अंगे आहेत, आणि ती ध्वनिमुद्रिका एक अखंड कृती म्हणून योजिली गेली होती, याचे स्मरण मात्र आज फार थोड्यांना उरले आहे. त्या कृतीचे नाव ‘शिवकल्याण राजा’.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्याला १९७४ साली ३०० वर्षे पूर्ण झाली. त्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने एच.एम.व्ही. कंपनीने ही तबकडी प्रसिद्ध केली. स्वर लतादीदींचा, संगीत पंडित हृदयनाथ मंगेशकरांचे, आणि पदांना जोडणारे गद्य निवेदन बाबासाहेब पुरंदरे यांचे. तिघांनाही विषय नवा नव्हता. लतादीदींनी ‘आनंदघन’ या नावाने भालजी पेंढारकरांच्या ‘मराठा तितुका मेळवावा’ या १९६४ च्या चित्रपटाला संगीत दिले होते. पुरंदऱ्यांच्या ‘राजा शिवछत्रपती’ या ग्रंथाने शिवचरित्र घरोघरी पोचविले होते. आणि उस्ताद अमीर खाँ यांच्यासारख्या धीरगंभीर गायकीच्या गुरूजवळ शिकलेल्या हृदयनाथांना जुन्या मराठी काव्याची जी ओढ होती, ती त्यांच्या प्रत्येक चालीतून जाणवत असे.

या कृतीचे मोल कळण्यासाठी तबकडीचे अंतरंग थोडे समजून घेतले पाहिजे. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावत असे. तासन्‌तास रंगणाऱ्या पोवाड्याला, आख्यानाला किंवा कीर्तनाला त्या मापात बसविणे म्हणजे सावित्री नदीचे पाणी ओंजळीत धरणे होते. अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी बाजारात आणली, तेव्हा एका बाजूला वीस मिनिटांहून अधिक काळ उपलब्ध झाला. आणि गाण्यांची केवळ मोट न बांधता त्यांना एका विचाराच्या सूत्रात ओवण्याची शक्यता निर्माण झाली. पाश्चात्त्य रॉक संगीतातील मंडळींनी या शक्यतेचा ध्यास घेतला. बीटल्सची १९६७ सालची ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्‌स क्लब बँड’ आणि पिंक फ्लॉइडची १९७३ सालची ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या तबकड्या पहिल्या खाचेपासून शेवटच्या खाचेपर्यंत सलग ऐकाव्यात अशाच घडविलेल्या होत्या. त्यानंतर एकाच वर्षाने, त्या जगाशी काहीही देवघेव नसताना, मराठीतही असा प्रयोग व्हावा, हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा प्रकार नव्हे. आख्यानाची सवय असलेल्या आपल्या कानांना ही दीर्घता परकी नव्हतीच, तिला केवळ साधन मिळाले.

संगीतकाराची खरी परीक्षा चाल लावण्याआधी, काव्याच्या निवडीतच झाली असली पाहिजे. महाराजांविषयी तीन शतकांत लिहिल्या गेलेल्या काव्याचे दप्तर हृदयनाथांनी उलगडले आणि परस्परांपासून फार दूर उभ्या असलेल्या कवींना एका पंक्तीत आणून बसविले. समर्थ रामदासांची ‘निश्चयाचा महामेरू’ आणि ‘आनंदवनभुवनी’ ही पदे घेतली. आम्हा महाडकरांना त्यांचे अप्रूप अधिक, कारण ज्या शिवथरघळीत दासबोध सांगितला गेला अशी परंपरा आहे, आणि जिचा शोध धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० मध्ये लावला, ती घळ याच महाड तालुक्यात, वरंध घाटाच्या कुशीत आहे. व्रजभाषेतील कवी भूषण यांचा ‘इंद्र जिमि जंभ पर’ हा छंद घेतला. हा तोच भूषण, ज्याचा ‘शिवभूषण’ ग्रंथ राज्याभिषेकाच्या आदल्याच वर्षी पूर्ण झाला आणि ज्याने त्यात रायगडाच्या वैभवाचे वर्णन केले. विसाव्या शतकातून स्वातंत्र्यवीर सावरकर आले, आणि कुसुमाग्रज आले.

कुसुमाग्रजांच्या दोन कवितांनी या तबकडीला तिचे हृदय दिले असे मला वाटते. १३ जुलै १६६० रोजी घोडखिंड अडवून उभा असलेला आणि तोफांच्या आवाजासाठी प्राण कंठाशी धरून राहिलेला बाजीप्रभू ‘सरणार कधी रण’ या कवितेत बोलतो. आणि २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत सहा स्वारांसह शत्रूच्या फौजेवर तुटून पडलेले प्रतापराव गुजर दुसऱ्या कवितेत दौडतात. नेसरीचा प्रसंग आणि राज्याभिषेक यांत साडेतीन महिन्यांचेही अंतर नाही. सिंहासनाचा सोहळा ज्या तबकडीत गाइला जातो, तिच्यातच त्या सिंहासनासाठी पडलेल्यांचा शोकही तितक्याच आदराने गाइला जावा, यात योजकाचे विवेकपूर्ण मन दिसते.

आता आवाजाविषयी. वीरकाव्य ही आपल्याकडे शाहिराची मिरास. डफ, तुणतुणे आणि झीलकऱ्यांच्या साथीने पुरुषी कंठातून ते उसळत आले. पोलादपूर तालुक्यातील उमरठे हे तानाजी मालुसऱ्यांचे गाव, तेथे त्यांची समाधी आहे. आणि त्यांच्या पराक्रमावर शाहीर तुळशीदासाने रचलेला सिंहगडाचा पोवाडा ॲक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये छापलेल्या संग्रहामुळे आज आपल्या हाती आहे. पोवाडा श्रोत्याला उठवतो, त्याच्या मनगटात बळ आणतो. लतादीदींच्या स्वराने काही वेगळेच साधले. त्या स्वरात आवेश नाही असे नाही, परंतु त्या आवेशाच्या तळाशी घरी वाट पाहणाऱ्या माणसाचा जीव आहे. बाजीप्रभूचे निर्वाणीचे शब्द एका स्त्रीच्या कंठातून येतात तेव्हा ते रणगर्जना न राहता, रणातून परत न आलेल्यांचे स्मरण होतात. पोलादपूरच्या खोऱ्यातून पिढ्यान्‌पिढ्या लष्करात आणि मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या पुरुषांची वाट पाहणाऱ्या आयाबायांना या स्वराची ओळख करून द्यावी लागली नाही.

पुरंदऱ्यांचे निवेदन हा या रचनेचा सांधा आहे. एक पद संपून दुसरे सुरू होण्याच्या मधल्या शांततेत त्यांची भारदस्त, बखरीच्या वळणाची वाणी प्रसंगाची पार्श्वभूमी उभी करते आणि श्रोत्याला पुढच्या काव्याच्या दाराशी नेऊन सोडते. कीर्तनात पूर्वरंगाचे जे काम, ते येथे गद्याने केले आहे.

लोकांनी ही तबकडी कशी स्वीकारली? प्रथम ती ज्यांच्या घरी यंत्र होते त्यांच्या दिवाणखान्यात वाजली. पुढे ध्वनिफितींचे युग आले आणि ती शाळांच्या स्नेहसंमेलनांत, शिवजयंतीच्या मांडवांत, चाकरमान्यांना गावी आणणाऱ्या गाड्यांत पोचली. आक्षेपही आले, आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. समर्थ आणि शिवराय यांची भेट केव्हा झाली व त्यांच्या संबंधाचे स्वरूप काय, याविषयी इतिहाससंशोधकांत मोठा वाद आहे. पुरंदऱ्यांच्या शिवचरित्राच्या मांडणीवरही कठोर टीका झाली आहे. ज्या महाडात २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि जेथे दरवर्षी त्या दिवशी भीमगीतांचा जागर होतो, तेथील श्रोत्याला तरी हे सांगायला नको की एकाच भूमीच्या स्मृतीला अनेक कंठ असतात. काव्य हा इतिहासाचा दाखला नव्हे. ते पिढ्यांनी केलेल्या स्मरणाचे रूप आहे, आणि त्या दृष्टीनेच ही कृती ऐकली पाहिजे.

माझी तक्रार वेगळी आहे. ध्वनिक्षेपकाने या कृतीला अमाप श्रोते दिले, पण त्याच वेळी तिचे तुकडे केले. गर्दीला जे चेतवते तेवढे वाजत राहिले. जे अंतर्मुख करते ते मागे पडले. या तबकडीत ‘गुणि बाळ असा’ ही अंगाई आहे, बाळ शिवाजीला निजविणाऱ्या आईची. इतक्या वर्षांच्या शिवजयंतीच्या मांडवांत ती लागलेली मी ऐकलेली नाही.

म्हणून एक विनंती. गड उतरल्यावर पाचाडला जिजाऊंच्या समाधीपाशी थोडा वेळ बसावे. पुत्राचा राज्याभिषेक पाहून अवघ्या ११ दिवसांनी, १७ जून १६७४ रोजी, ती माता येथे विसावली. दिवस कलल्यावर, मांडव शांत झाल्यावर, ‘शिवकल्याण राजा’ तेथे अगदी हलक्या आवाजात पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही पद न गाळता ऐकावी. नेसरीचे घोडे दौडून जातील, बाजीप्रभू तोफांची वाट पाहील, सिंहासनावर छत्र धरले जाईल. आणि अंगाईची पाळी येईल, तेव्हा ती जिच्या मुखी घातली आहे ती आई आपल्या शेजारीच निजलेली असेल.