ठिणगी ज्याची, झीज त्याची

रानावनात भटकणाऱ्यांच्या पाठपिशवीत आता आगपेटीच्या जोडीला ‘फायरस्टील’ या नावाने विकली जाणारी एक करडी कांडी असते, आणि चाकूच्या पात्याची पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड, तिच्यावर दाबून ओढली की ठिणग्यांचा सडा पडतो. भिजली तरी पुसून लगेच वापरता येत असल्यामुळे पावसाळी मुलखात ही कांडी विशेष उपयोगी पडते. परंतु अशा घासण्याने पाते खराब होते का, पोलादाचे पाणी उतरते का, ही शंका चांगल्या चाकूची कदर असणाऱ्याच्या मनात हमखास येते. तिचे उत्तर शोधताना ठिणगी कोणत्या पदार्थाची आहे हे प्रथम पाहावे लागते, कारण ज्याचे कण सुटून जळतात तोच पदार्थ झिजत असतो.

जुन्या चकमकीत ठिणगी पोलादाची असे. गारगोटीची कठिनता, म्हणजे ओरखड्याला विरोध करण्याची क्षमता, मोस मापश्रेणीवर ७ असते. तिची धारदार कड पोलादावर घासून आपटली की पोलादाचे सूक्ष्म कण खरवडले जातात, त्या क्रियेत तापतात आणि हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून जळतात. महाराष्ट्रातही आगपेटी घरोघरी पोहोचण्यापूर्वी विस्तवासाठी गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि कापूस असा संच जवळ बाळगला जाई, व त्यातील पोलाद झिजण्यासाठीच असे. चाकूच्या पाठीवर गारगोटी मारली तर हीच झीज पात्याच्या वाट्याला येते आणि कडेवर खाचा पडतात. शिवाय चाकू न गंजणाऱ्या पोलादाचा असेल, तर त्यातील क्रोमियम कणांच्या ज्वलनाला अडथळा आणत असल्याने ठिणग्याही फारशा मिळत नाहीत.

आधुनिक कांडीत हा हिशेब उलटा होतो. ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फोन वेल्सबाख यांनी गॅसबत्तीच्या जाळीसाठी मोनाझाइट वाळूतून थोरियम वेगळे काढल्यावर उरणाऱ्या विरल मृदा धातूंचा उपयोग शोधताना त्यांचा लोखंडाशी मिश्रधातू केला आणि १९०३ मध्ये त्याचे एकस्व, म्हणजे पेटंट घेतले. फेरोसेरियम या नावाने ओळखला जाणारा हा मिश्रधातू सिगारेट लायटरच्या चाकाखालील इवल्याशा खड्यातही असतो. त्यातील सेरियम हा धातू बारीक कणांच्या रूपात सुमारे १७० अंश सेल्सिअसला आपोआप पेट घेतो, त्यामुळे कांडी खरवडताना निर्माण होणारी उष्णता त्याला पुरेशी ठरते, आणि जळणारा कण ३,००० अंशांच्या आसपास पोहोचतो. चाकूचे पोलाद सामान्यतः रॉकवेल सी मापश्रेणीवर ५६ ते ६२ इतके कठीण केलेले असते, तर फेरोसेरियम त्यापेक्षा बराच मऊ असतो. म्हणून येथे पाते रंध्याचे काम करते आणि झिजते ती कांडी.

३,००० अंशांचा आकडा मात्र अनेकांना धास्तावतो. पोलाद तापवून झटकन थंड केल्यावर त्याचा ठिसूळपणा घालवण्यासाठी ते पुन्हा माफक तापवतात. चाकूच्या पोलादांसाठी हे तापमान बहुधा १५० ते २५० अंशांदरम्यान असते, आणि पाते त्याच्या बरेच वर गेले तर त्याचा कठीणपणा कमी होऊ शकतो. परंतु तापमान आणि उष्णतेचे प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठिणगीचे वस्तुमान अत्यल्प असते, तिचे बरेचसे ज्वलन पात्यापासून सुटल्यावर हवेत होते, आणि जी थोडी उष्णता पाठीला लागते ती पोलादाच्या मोठ्या वस्तुमानात लगेच पसरते. उलट, पाठीची कड काटकोनी करण्यासाठी विजेच्या सहाणेवर पाते धरणाऱ्याकडून त्याचे पाणी उतरण्याचा धोका कितीतरी अधिक असतो. हे काम पाणी सोडत हातानेच, सावकाश केलेले बरे.

वापरानंतर पाठीवर दिसणारे काळसर डाग म्हणजे बहुधा जळालेल्या मिश्रधातूचे ऑक्साइड असतात. ते पुसून निघतात, आणि गंजणाऱ्या पोलादाच्या पात्याला नंतर तेलाचा हात फिरवावा लागतो. पात्यावर काळा लेप असेल तर तो कडेवरून नक्कीच खरवडला जातो. ज्या पात्यांची धार कठीण आणि पाठ मुद्दाम मऊ ठेवलेली असते, त्यांची कड लवकर बोथट होऊन ठिणग्या कमी पडू लागतात, मात्र त्यामुळे कापण्याच्या गुणात फरक पडत नाही. स्वीडनमधील मोरा येथील गारबर्ग चाकूसारख्या काही चाकूंची पाठ तर याच कामासाठी काटकोनी घासून दिलेली असते.

खरी हानी वापरणाऱ्याच्या पद्धतीतून होते. पाठीऐवजी धारेने कांडी खरवडली, तर बारीक धार वळते किंवा तुटते. मिटणाऱ्या चाकूच्या पाठीवर दाब दिल्यास तो पाते मिटण्याच्याच दिशेने पडतो, आणि खटका सुटला तर बोटे कापली जातात. अशा चाकूऐवजी हॅकसॉच्या पात्याचा तुकडा वापरणे शहाणपणाचे ठरते. स्थिर पात्याचा चाकूही पुढे झटकण्यापेक्षा जळणाजवळ घट्ट धरून कांडी मागे ओढल्यास हात सुरक्षित राहतो आणि रचलेले जळण विस्कटत नाही. एवढी काळजी घेतली तर कठीण, काटकोनी पाठीच्या चाकूने फेरोसेरियमची कांडी निःशंक मनाने खरवडावी, आणि गारगोटीसाठी मात्र पोलादाचा वेगळा तुकडा जवळ ठेवावा.